दुसऱ्या सहीआधी

गोव्यात लग्न दोन सह्यांचं. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत पहिली सही, मग नोटीस, आणि साधारण पंधरवड्याने दुसरी सही. मुंडावळ्या, अक्षता, पंगती कितीही झाल्या तरी हिंदू घरातलं लग्न कायद्याच्या लेखी लागतं ते त्या दुसऱ्या सहीने. पंचविशीतली मुलं ही सही करायला निघतात तेव्हा घर आनंदात असतं. पासष्टीतल्या विधुर बाबांनी किंवा साठीतल्या विधवा आईने त्याच कचेरीची पायरी चढायचं मनात आणलं, की त्याच घरात बोलाचाली बंद होतात. कधी कधी तर कचेरीपर्यंत गोष्ट गेलेलीही नसते. संध्याकाळी मिरामारला कुणासोबत तरी फिरणं, रात्री साडेनऊला येणारा ठरावीक फोन, भजनी मंडळातल्या एकाच माणसाच्या गाडीतून वारंवार घरी परतणं एवढंच घडलेलं असतं.

हा प्रश्न काही मोजक्या घरांचा राहिलेला नाही. २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या दर शंभर माणसांत अकराहून अधिक जण साठी ओलांडलेले होते. केरळच्या खालोखाल हे प्रमाण, आणि देशाची सरासरी नऊच्याही खाली. मुलं आखातात, पुण्यात, बेंगळुरूला, लंडनला. फोंड्यात, डिचोलीत, काणकोणात मोठाली घरं आणि त्यांत एकटं माणूस. सकाळी पदेर पाव टाकून जातो, तेवढंच काय ते बोलणं.

माझं म्हणणं सरळ आहे. आई किंवा बाबांनी पुन्हा कुणाची सोबत शोधली तर मुलांना माहितीचा हक्क आहे, परवानगीचा नाही. आणि मुलांच्या मनातली जी भीती सगळ्यांत मोठ्याने बोलते, म्हणजे घर-जमीन जाण्याची, तिचं उत्तर गोव्याच्या कायद्यात दीडशे वर्षांपासून लिहून ठेवलेलं आहे. घरात भांडणारे लोक ते वाचत नाहीत, म्हणून एका बाईच्या किंवा पुरुषाच्या चारित्र्यावर घाव घातले जातात. कागद आधी पुरा करा, म्हणजे उरलेलं दुःख निदान दुःख म्हणून बोलता येईल.

आता तो कागद. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ची. गोव्यात ती १ जुलै १८७० पासून लागू झाली. १९६१च्या मुक्तीनंतरही तिचा कौटुंबिक भाग टिकला. पोर्तुगालने १९६६मध्ये स्वतः नवी संहिता केली, आपण जुनीच चालवतो. तिच्यानुसार लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, निम्मी निम्मी. माहेरची, सासरची, नोकरीतून कमावलेली, सगळी. हे गोव्यात बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतो तो दुसऱ्या लग्नाचा नियम. पहिल्या लग्नाची मुलं असलेला पुरुष किंवा स्त्री पुन्हा लग्न करते, तेव्हा लग्नाच्या वेळी असलेल्या मालमत्तेचा दोन तृतीयांश भाग सामाईक होतच नाही. नंतर नातेवाइकांकडून वारशाने येईल त्यालाही हीच मर्यादा. नव्या जोडीदाराला बक्षीस म्हणून द्यायचं म्हटलं तरी एक तृतीयांशापलीकडे जाता येत नाही. ही तरतूद १२३५व्या कलमात आहे.

आकड्यांत मांडून पाहू. समजा आई वारली, मागे बाबा आणि दोन मुलं. घर, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि ठेवी मिळून १ कोटी ८० लाख, सगळं सामाईक. आईचा निम्मा भाग, म्हणजे ९० लाख, तिच्या मृत्यूच्या दिवशीच मुलांचा झाला. बाबा तिचे वारस नाहीत, कारण गोव्याच्या वारसाक्रमात जोडीदाराचा नंबर मुलं, आईवडील आणि भावंडं यांच्या मागे, चौथा लागतो. बाबांकडे उरले स्वतःचे ९० लाख. ते काही करार न करता पुन्हा लग्न करतात. त्यांतले ६० लाख त्यांचेच राहतात, ३० लाख सामाईक होतात, आणि त्या तिसांतले निम्मे, १५ लाख, नव्या पत्नीचे. मूळ १ कोटी ८० लाखांतला हा बारावा हिस्सा झाला. शिवाय तिचीही काही मालमत्ता असेल तर ती त्याच नियमाने बाबांच्या बाजूला येते. पुढे बाबा गेले तर त्यांच्या वाट्याचा किमान अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. मृत्युपत्र नसेल तर सगळंच मुलांचं.

एक तृतीयांशही मिसळायचा नसेल तर त्यालाही वाट आहे. लग्नाआधी नोटरीपुढे विभक्त मालमत्तेचा करार करायचा. हा करार दुसऱ्या सहीच्या आधीच व्हायला हवा. लग्न लागल्यावर तो करता येत नाही, केलेला बदलता येत नाही. आपल्याकडे हीच चूक वारंवार घडते. ‘आधी सही करू, कागदाचं मागाहून बघू’ म्हणतात, आणि मागाहून बघण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

एक व्यावहारिक अडचण मात्र मुलांना आधी सांगायला हवी. लग्नानंतर बाबांनी जमीन विकायची म्हटली तर विक्रीखतावर नव्या पत्नीची सही मागितली जाते. त्यामुळे एखादा व्यवहार अर्ध्यावर असेल तर तो आधी उरकावा, नाहीतर तिची सही लागेल हे धरून चालावं. यात तिचा काही डाव नसतो, गोव्यात प्रत्येक विवाहित माणसाला हेच लागू आहे.

वरचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे: गेलेल्या माणसाचा हिस्सा कागदावर वेगळा झालेला असणं. आणि नेमकं तेच आपल्या घरांत झालेलं नसतं. आई जाऊन सहा वर्षं झाली तरी सक्सेशन डीड नाही, इन्व्हेंटरी नाही, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याच्या सातबाऱ्यावर) आजोबांचं नाव, पंचायतीची घरपट्टी काकांच्या नावाने. अशा घरात बाबांनी ‘मी लग्न करतोय’ म्हटलं की मुलांना वाटतं सगळंच चाललं. प्रत्यक्षात अर्धं त्यांचं आधीच झालेलं असतं, फक्त कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून क्रम असा हवा. पहिल्यांदा सक्सेशन डीड: विशेष नोटरीपुढे वारस कोण ते ठरवून घेणं. हे काम आता २०१२च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली चालतं. तो २०१६च्या डिसेंबरात अमलात आला. मग वाटणी. सगळे वारस सज्ञान आणि एकमताचे असतील तर नोटरीपुढे वाटणीपत्र होतं. एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी घालायची: मालमत्तेची यादी, मूल्यांकन, वारसांमध्ये आपसांत बोली, शेवटी वाटणीचा तक्ता. आणि मग म्युटेशन, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नाव बदलून घेणं.

इथे बाहेरच्यांना न कळणारी एक गाठ आहे. गोव्यात मुलाचं लग्न सामाईक मालकीचं असेल तर त्याला मिळणाऱ्या वारशात सुनेचाही निम्मा वाटा पडतो, मुलीच्या वारशात जावयाचा. त्यामुळे इन्व्हेंटरीत सून-जावयांच्या सह्या लागतात. सासऱ्यांच्या नव्या सोबतीणीविषयी सून चार शब्द बोलली की ‘तुझा काय संबंध’ म्हणून तिला गप्प करतात. तिचा संबंध आहे, कायद्याने आहे. तिला बैठकीत बसवावं, आकडे तिच्याही पुढे ठेवावेत. बाबांनी कुणासोबत राहावं यावर मत देण्याचा हक्क मात्र त्या सहीतून येत नाही, ना तिला ना तिच्या नवऱ्याला.

पुण्या-मुंबईत घेतलेल्या फ्लॅटचाही हिशेब यातच धरावा. गोंयकाराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारसा गोव्याच्या कायद्यानेच ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये दिला. उलट ज्यांचं पहिलं लग्न गोव्याबाहेर नोंदलं, किंवा विभक्त मालमत्तेच्या कराराने झालं, किंवा ज्यांचं घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या संमतीने राहणाऱ्याचं आहे, त्यांनी वरचे आकडे तसेच्या तसे धरू नयेत. त्यांनी आपल्या तालुक्यात इन्व्हेंटरीची कामं करणाऱ्या वकिलाकडे कागद घेऊन एक तास बसावं.

घाबरलेली मुलं याऐवजी काय करतात? लग्नाआधी घर आमच्या नावावर बक्षीसपत्राने करून द्या, म्हणून बाबांना गाठतात. हा सगळ्यांत वाईट उपाय. एका मुलाला दिलेलं बक्षीस पुढे वाटणीच्या वेळी हिशेबात धरलं जातं, म्हणजे भावंडांत दुसरं भांडण पेरलं. विक्री दाखवावी म्हटलं तर आईवडिलांनी एका मुलाला विकताना बाकीच्या मुलांची संमती लागते. आणि ज्याने घर दिलं तो स्वतःच्याच घरात पाहुणा होतो. द्यायचंच असेल तर हयातभर राहण्याचा आणि उत्पन्न घेण्याचा हक्क राखून द्यावं, आणि मुलाने सांभाळ करावा ही अट त्याच पत्रात स्पष्ट लिहावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यातलं २३वं कलम अट मोडल्यास बक्षीस रद्द करण्याची सोय देतं, पण तोंडी अटीवर दाद मागणं फार अवघड जातं. सही करण्यापूर्वी आईने किंवा बाबांनी स्वतःचा वकील गाठावा. मुलाचा चालत नाही.

पैशाची भीती अशी कागदावर उतरवली की खाली काय उरतं ते दिसू लागतं. उरतो तो शोक, आणि तो मुलांचा आणि आईबाबांचा एकाच चालीने चालत नाही. ज्याने जोडीदाराचं दुखणं दोन-तीन वर्षं काढलं, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाच्या फेऱ्या केल्या, रात्री उठून कूस बदलून दिली, त्याचा शोक मृत्यूच्या आधीच सुरू झालेला असतो. दुबईतून तीन दिवसांसाठी आलेल्या मुलाचा शोक विमानतळावर सुरू होतो. म्हणून वर्षश्राद्धानंतर चार महिन्यांनी बाबा ‘सावरलेले’ दिसतात तेव्हा मुलाला तो आईचा अपमान वाटतो. तो तसा नसतो, पण मुलाला तसं वाटणं खोटंही नसतं. ‘तुला काय कळतंय’ म्हणून ते उडवून लावणाऱ्या बाबांचं मला पटत नाही.

सांगायचं कसं, यावर बरंच अवलंबून असतं. पहिली गोष्ट, गावातून कळण्याआधी मुलांना कळलं पाहिजे. गोव्यात गाव लहान, आणि देवळातल्या एका शनिवारात बातमी पोचते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. प्रत्येकाला वेगळा फोन, तोही त्याच्या सवडीच्या वेळी. जे मूल रोजची देखभाल करतं त्याला सगळ्यांत आधी, समोरासमोर. परदेशातल्या थोरल्याला आधी आणि घरात राहणाऱ्या धाकटीला मागाहून कळलं, तर ती जखम त्या नव्या माणसापेक्षा जास्त काळ टिकते. सांगताना नाव, गाव, घरात कोण कोण, तब्येत कशी, आणि पुढे काय विचार आहे एवढं नेमकं सांगावं. नुसत्या भेटीगाठी, एकत्र राहणं आणि लग्न या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘एक चांगली मैत्रीण आहे’ एवढं म्हणून सोडलं की मुलं तिन्हींची भीती एकदम बाळगतात. आणि त्याच फोनवर होकार मागू नये. मागितला की नकार येतो, आणि एकदा बोललेला नकार माणूस मानापायी धरून ठेवतो.

पहिली भेट घराबाहेर, तासाभराची, चहापुरती. पणजीतलं एखादं शांत हॉटेल चालेल, देवळाचं आवार चालेल. आईच्या खोलीत, आईच्या खुर्चीवर, आईच्या फोटोखाली ती भेट ठेवू नये. नातवंडांना ‘ही नवी आजी’ अशी ओळख करून देऊ नये. मावशी म्हणू द्यावं, काका म्हणू द्यावं, पुढचं त्यांचं ती ठरवतात.

खरी परीक्षा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला होते. वर्षभर विखुरलेली माणसं मूळ घरात जमतात, गणपतीवर फळांची माटोळी बांधली जाते, नेवऱ्या तळल्या जातात, आणि कोण कुठे बसतं याला त्या दोन दिवसांत जो अर्थ येतो तो एरवी येत नाही. नव्या नात्याची घोषणा चवथीला करणं म्हणजे सगळ्या चुलत्या-मावश्यांसमोर मुलांना उत्तर द्यायला लावणं, ते टाळावं. लग्न झालं असेल तरी पहिल्या वर्षी पूजेला जोडप्याने बसण्याचा आग्रह नको. थोरला मुलगा-सून बसू देत. नव्या बाईने स्वयंपाकघराचा ताबा घेऊ नये, आणि घरातल्या बायकांनीही तिला पाहुण्यासारखं बाहेरच्या खोलीत बसवून ठेवू नये. माटोळीची फळं बांधायला हात लागतातच, ते काम द्यावं. दुसऱ्या वर्षी बरंचसं आपोआप सैल होतं.

वस्तूंचं असं सैल होत नाही. आईच्या पाटल्या, मंगळसूत्र, नथ, तिची पैठणी, तिने आणलेली तांब्याची भांडी यांवरून जे शब्द निघतात ते लाखांच्या जमिनीवरून निघत नाहीत. त्यामुळे दागिने नव्या माणसाच्या येण्याआधी वाटून टाकावेत. वजन करून, यादी करून, सगळ्यांच्या सहीने. लॉकरमध्ये ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नयेत. फोटो भिंतीवरून काढू नये. काढायचाच असेल तर तो मुलांनी आपल्या घरी न्यावा, नव्या जोडीदाराच्या हाताने तो खाली उतरू नये. शक्य असेल तर जोडप्याने तिसऱ्याच जागी राहावं, भाड्याच्या लहानशा फ्लॅटमध्ये का होईना. काकांचा वाटा असलेल्या सामाईक घरात नव्या माणसाला आणणं म्हणजे आपल्या मुलांबरोबर भावजयांचीही समजूत काढणं आलं.

मुलांच्या शंकेत एक भाग रास्त असतो, तोही नाकारू नये. एकट्या ज्येष्ठांना विवाहस्थळांच्या संकेतस्थळांवरून फसवणारे आहेत. प्रत्यक्ष भेट टाळणारा, व्हिडिओवर चेहरा न दाखवणारा, महिन्याभरात कस्टममध्ये अडकलेल्या भेटीसाठी किंवा अचानक आलेल्या आजारपणासाठी पैसे मागणारा माणूस सोबतीला आलेला नसतो. आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद पाहावा. गोव्यात विवाहनोंदणी सार्वत्रिक असल्याने जुना विवाह-दाखला मागण्यात अपमान काही नाही, दुसऱ्या लग्नासाठी कचेरी तो मागतेच. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं, तासांचा फरक पडतो. पण या तपासणीचा हक्क म्हणजे आईचा फोन उघडून तिचे निरोप वाचण्याचा हक्क नव्हे.

आईचं आणि बाबांचं पारडं समाजात सारखं नाही, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. बाबांना लोक म्हणतात, ‘जेवणाखाण्याचे हाल होतात हो, करू द्या.’ आईला जेवण करता येतं, म्हणून तिला सोबतीची गरजच नाही असं धरलं जातं. तिचा पदर, तिची टिकली, तिचं हसणं सगळं मोजलं जातं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांना गावाने वाळीत टाकलं, हे आपण शाळेत शिकतो आणि तो काळ गेला असं समजतो. ब्रिटिश मुलखात १८५६च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाह करता आला, पण त्याच कायद्याने तिचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. गोव्यातल्या स्त्रीची बाजू इथे भक्कम आहे. तिचा निम्मा हिस्सा नवऱ्याकडून आलेला वारसा नव्हे, तो नवरा जिवंत असतानाच तिचा होता. पुनर्विवाहाने तो जात नाही. आईला ‘बाबांचं सगळं सोडून जा’ म्हणणाऱ्या मुलांना हे माहीत असायला हवं, आणि आईला तर आधी.

याच संहितेत एक कलम मात्र लाज वाटावी असं आहे. १२३७व्या कलमानुसार पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीने मुलं असताना पुन्हा लग्न केलं, तर आपल्या त्या दोन तृतीयांश मालमत्तेची विल्हेवाट लावण्याचं तिचं स्वातंत्र्यच गोठतं. त्याच वयाच्या पुरुषाला असं बंधन नाही. पन्नाशीनंतर बाईची बुद्धी चळते आणि पुरुषाची नाही, असं मानणाऱ्या एकोणिसाव्या शतकाने हे लिहिलं. गोव्याच्या नागरी कायद्याचा देशभर आदर्श म्हणून गौरव करणाऱ्यांनी विधानसभेत सर्वांत आधी हे कलम काढायला लावावं. मुलांचं संरक्षण १२३५व्या कलमात पुरेसं आहे.

दुसरा अडसर निवृत्तिवेतनाचा. सरकारी नोकरीतल्या नवऱ्याच्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन विधवेच्या पुनर्विवाहाने थांबतं. अपत्य नसलेल्या विधवेला, उत्पन्नाची अट पाळून, सवलत आहे. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतलं विधवा वेतनही पुनर्विवाहापर्यंतच. आई स्वतः शिक्षिका म्हणून निवृत्त झाली असेल तर तिचं स्वतःचं वेतन चालू राहतं. बाबांच्या बाबतीत उलट: त्यांच्या वेतनाला धक्का नाही, आणि निवृत्तीनंतर केलेल्या पत्नीलाही पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, फक्त लग्नाची नोंद वेतन मंजूर करणाऱ्या कार्यालयात वेळेवर द्यावी लागते. म्हणजे त्याच पावलाने बाईचं उत्पन्न जातं आणि पुरुषाचं तसंच राहतं. मग अनेक बायका लग्न न करता सोबत राहणं पसंत करतात, आणि मुलं म्हणतात, ‘लग्न तरी करा, हे कसलं राहणं?’ महिन्याचे वीस-पंचवीस हजार भरून देण्याची तयारी असेल त्यानेच हा प्रश्न विचारावा.

लग्नाविना राहायचं असेल तर त्याचेही कागद आहेत. सामाईक मालकी लागू होत नाही, वारसा नाही. बँकेतलं नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, नॉमिनी पैसे घेतो ते वारसांसाठी. एकत्र खर्चासाठी एक लहान संयुक्त खातं ठेवावं, मुख्य ठेवी वेगळ्या. आणि रुग्णालयाचा विचार आधी करावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या खाटेशेजारी दहा वर्षांची सोबतीण उभी असते आणि कचेरीतला माणूस विचारतो, ‘तुम्ही कोण?’ सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मान्य केलेलं आणि २०२३मध्ये सोपं केलेलं लिव्हिंग विल इथे उपयोगी पडतं. स्वतः निर्णय घेता येत नसेल तेव्हा शेवटच्या उपचारांबाबत कुणाचं ऐकावं, हे त्यात नावानिशी लिहिता येतं, एकाहून अधिक नावंही चालतात. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्याला हे नवं नाही. मे २०२४मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र नोंदवून सुरुवात करून दिली. त्यात एक मूल आणि सोबतीण अशी दोन्ही नावं घातली तर रुग्णालयाच्या दारातलं पुष्कळ भांडण टळेल.

शेवटी जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही त्या नव्या पत्नीबद्दल. घरात सगळे तिला लुबाडणारी समजतात, पण या कायद्यात सगळ्यांत कमी हाती लागतं ते तिलाच. वर पाहिलेल्या उदाहरणात तिचे १५ लाख घराच्या भिंतीत अडकलेले असतात. बाबा गेल्यावर घर मुलांचं, आणि तेराव्यानंतर तिने जायचं कुठे हे कुणी ठरवलेलं नसतं. तोवर तिने स्वतःचं भाड्याचं घर सोडलेलं असतं, भावाकडची खोली भाचीला गेलेली असते, आणि कुटुंब निवृत्तिवेतन सोडून आली असेल तर तेही परत सुरू होत नाही. म्हणून बाबांनी नोटरीपुढे मृत्युपत्र करावं, आपल्या मोकळ्या हिश्शातून तिला घराच्या ठरावीक भागात हयातभर, किंवा निदान दोन-तीन वर्षं, राहण्याचा हक्क द्यावा. कुठली खोली, कुठलं न्हाणीघर, विहिरीचं पाणी, विजेचं बिल कुणी भरायचं इतकं बारीक लिहावं. मोघम लिहिलेला हक्क पहिल्याच पावसाळ्यात, छप्पर गळू लागलं की दुरुस्तीचा खर्च कुणाचा यावरून, मोडतो. हा हक्क एक तृतीयांशाच्या मर्यादेत बसतो का ते वकिलाकडून तपासून घ्यावं. मुलांना ही कलमं बाबांनी जिवंतपणी वाचून दाखवावीत, आणि जमलं तर वाचताना ती बाईही तिथे असावी.